डांगचा साग आणि सुरत

सुरतेच्या इतिहासाचा विषय निघाला की शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्या, इंग्रजांची वखार आणि जरीचा व्यापार यांचे स्मरण होते. शहराच्या आग्नेयेस, सह्याद्रीच्या उतरणीवर वसलेल्या डांगच्या अरण्याचा उल्लेख मात्र अभावानेच आढळतो.

सागवानाचे महत्त्व सुरतेच्या कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहूनच मुंबईस गेले व तेथील गोदीचे नामांकित जहाजबांधणीकार झाले. पुढे मलबारचे उत्तम साग विरळ होऊ लागले, तेव्हा कंपनी सरकारची दृष्टी डांगकडे वळली. १८३० मध्ये औट्रॅमच्या फौजा या रानात शिरल्या होत्या. १८४२ मध्ये तेथील भिल्ल राजे व नाईक यांच्याकडून जंगलाचे पट्टे घेण्यात आले आणि १८६२ मध्ये ते नव्याने करण्यात आले.

एकाच कागदाचे येथे दोन अर्थ झाले. सरकारच्या लेखी लाकडावरील पूर्ण हक्क विकत मिळाला होता. राजांच्या लेखी दरसाल मिळणारी रक्कम ही त्यांच्या सत्तेची मान्यता होती. रान कायमचे देऊन टाकल्याची कल्पना त्यांच्या मनात नव्हती. पुढे जंगले राखीव झाली, राब जाळून नागली-वरई पिकविण्यावर बंधने आली, तेव्हा हा अर्थभेद उघड झाला. १९०७ ते १९१४ या काळात डांगात वारंवार उठाव झाले व राने पेटविली गेली.

तेथील दिनक्रम ऋतूंनी बांधलेला होता. पावसाळ्यात शेती, नंतर लाकूडतोड, उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहाची फुले वेचणे. मुसळधार पावसात टिकणारे डांगी बैल ओंडक्यांच्या गाड्या ओढीत. वेठीचा जाचही होताच. बडोदे संस्थानाने १९१३-१४ च्या सुमारास बिलीमोरा-वघई ही अरुंदमापी रेल्वे सुरू केली आणि अवघ्या ६३ किलोमीटरांच्या लोहमार्गाने रान बाजारपेठेच्या दारी आले. स्वातंत्र्यानंतर जंगल कामगार सहकारी मंडळ्यांमुळे ठेकेदाराचा वाटा काही अंशी तोडणाऱ्याच्या हाती येऊ लागला.

१ मे १९६० रोजी डांग गुजरातेत समाविष्ट झाला. डांगी बोलीत मराठी, अहिराणी व गुजराती यांचे धागे एकत्र गुंफलेले असल्याने हा प्रदेश आपणास परका नाही. होळीपूर्वी आहव्यास भरणाऱ्या डांग दरबारात राजांना आजही सालाना दिला जातो. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानावर जगणाऱ्यांच्या अधिकारांना मान्यता दिली. म्हणजे १८४२ च्या पट्ट्याने उभा केलेला प्रश्न तब्बल १६४ वर्षांनी कायद्याच्या भाषेत पुन्हा मांडला गेला.

सरकारी दफ्तरांत घनफुटांचे हिशेब जपले गेले. कुऱ्हाड चालविणाऱ्यांच्या व गाडी हाकणाऱ्यांच्या आठवणी मात्र मुखोमुखीच राहिल्या. त्या जाणणारी पिढी हयात आहे तोवर त्यांचे संकलन व्हावे. शंभर वर्षे अक्षरांची राखण करणाऱ्या संस्थेस याहून उचित कार्य कोणते?