पाण्यांतील अतिसूक्ष्म बुडबुडे

क्षणभंगुरतेला उपमा हवी असली कीं मराठी माणसाला पाण्यावरचा बुडबुडा आठवतो. शास्त्रज्ञांचेंहि मत दीर्घकाळ याहून निराळें नव्हतें. इंग्लंडांत थॉमस यंग यानें १८०५ सालीं, व त्याच सुमारास फ्रान्सांत लाप्लास यानें, बुडबुडा जितका लहान तितका त्याच्या आंतील दाब अधिक, हा नियम सांगितला. मिलिमीटरचा दहा-हजारावा भाग, म्हणजे १०० नॅनोमीटर, एवढा व्यास धरला तर हा दाब बाहेरच्यापेक्षां सुमारें २८ वातावरणांनीं अधिक भरतो. अशा दाबाखालीं आंतली हवा तत्काळ पाण्यांत विरघळली पाहिजे. १९५० सालीं एप्स्टाइन व प्लेसेट यांनीं विरघळण्याचा हिशेब मांडला. त्यावरून एवढ्या बुडबुड्याचें आयुष्य डोळ्याचें पातें लवण्याइतकेंहि निघेना.

निसर्गानें हा हिशेब मानलेला दिसत नाहीं. १९९४ सालीं पार्कर, क्लेसन व अॅटर्ड हे पाण्यानें न भिजणाऱ्या पृष्ठांमधील आकर्षण मोजीत होते. तेथें सूक्ष्म बुडबुडे असावेत, असें त्यांना वाटलें. २००० सालीं त्यांचीं चित्रेंहि मिळालीं. पुढें, पाण्याच्या पोटांतहि ते आठवडेच्या आठवडे टिकतात, असें प्रयोगकर्ते सांगूं लागले. त्यांच्या अंगावरील ऋण विद्युद्भारामुळें ते एकमेकांत मिसळत नाहींत, हें एक कारण दिलें जातें. तथापि कोडें पुरतें सुटलेलें नाहीं. दिसतात ते बुडबुडे नसून तेलाचे किंवा इतर अशुद्ध द्रव्यांचे कण असतील, अशी शंका घेणारे विद्वान आहेत, आणि यंत्रें विकणाऱ्यांच्या जाहिरातींपेक्षां ती शंका अधिक ऐकण्याजोगी आहे.

उपयोगाची गोष्ट मात्र नांदेडच्या घाटावर उभें राहिल्यास चटकन् समजेल. विष्णुपुरीस गोदावरी अडविलेली आहे. उन्हाळ्यांत खालचा प्रवाह मंदावतो, शहराचें सांडपाणी त्यांत मिळतें आणि जलपर्णी माजते. पाणी तापलें कीं त्यांत प्राणवायु कमी मावतो : २५ अंशांवर लिटरमागें सुमारें ८ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांवर जेमतेम ७. घाण कुजविणारे जंतु तोहि खाऊन टाकतात, मग मासे गुदमरतात. साध्या पंपानें हवा सोडली तर तिचे मोठे बुडबुडे भराभर वर येऊन फुटतात. १०० नॅनोमीटरचा बुडबुडा दिवसभरांत एक मिलिमीटरहि वर चढत नाहीं. शिवाय एक मिलिमीटरच्या बुडबुड्यांतली हवा अशा बुडबुड्यांत वाटली तर तिचें पृष्ठफळ कितीतरी पट होतें. तळाशीं साचलेल्या पाण्याला श्वास देण्यास याहून सोयीचें साधन क्वचितच असेल. सांडपाणी येतच राहिलें तर मात्र हा श्वास पुरणार नाहीं.

लातूरचें दुखणें वेगळें होतें. मांजरा ही गोदावरीचीच उपनदी. २०१६ च्या उन्हाळ्यांत धनेगांवचें तिच्यावरील धरण कोरडें पडलें. तेथें पाणी सुधारण्याचा नव्हे, पाण्याचाच प्रश्न होता. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी १० वाघिणींतून सुमारें ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोंचली, आणि या गाड्यांची ये-जा पावसाळा लागल्यावरहि चालू होती.