गवताचं चंद्रपुरी कूळ

वाघासाठी चंद्रपूरला येणारा माणूस साग, बांबू, ऐन पाहतो. गवताकडे त्याची नजर जाते ती त्यात काही हललं तरच. पण गवताच्या कुळाचा जगातला एक फार जुना दाखला याच जिल्ह्यातला आहे, आणि तो सापडला शेणात.

वरोरा तालुक्यात पिजदुरा गावाजवळ दगड झालेली विष्ठा मिळते. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांच्यामुळे एकोणिसाव्या शतकातच इथले जीवाश्म अभ्यासकांना ठाऊक झाले होते. 1939 मध्ये भूवैज्ञानिक मॅटली यांनी या विष्ठेवर स्वतंत्र लेख लिहिला. ही विष्ठा साडेसहा कोटी वर्षांहून जुनी, बहुधा लांब मानेच्या टायटनोसॉर डायनासोरांची. गवत जमिनीतली सिलिका पाण्याबरोबर शोषतं आणि पेशींमध्ये तिचे सूक्ष्म कण घडवतं. गवताच्या पोटकुळागणिक त्या कणांची ठेवण बदलते. पान पचतं, कुजतं. कण मात्र टिकतो. 2005 मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी पिजदुऱ्याच्या विष्ठेतले असे कण ‘सायन्स’मध्ये मांडले. डायनासोर गेले आणि मग गवत आलं, ही तोवरची समजूत त्यांनी मोडली. अर्थात तेव्हा इथे माळरान पसरलं होतं असं नाही. त्या जनावरांच्या पोटात ताड आणि सूचिपर्णी झाडंही होती. 2011 मध्ये आणखी कळलं, की त्यातलं काही गवत भाताच्या कुळातलं. धानावर जगणाऱ्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत या बातमीचा एवढा गवगवा का झाला नाही, मला कळत नाही.

एवढी जुनी वंशावळ असूनही सरकारी आणि शहरी नजरेला गवताळ जमीन म्हणजे पडीत. वरोरा-भद्रावतीच्या मोकळ्या रानात अलीकडपर्यंत गवताळ माळावरचा माळढोक पक्षी दिसे. झाडं नसलेल्या जमिनीसाठी भांडायला सहसा कुणी उभं राहत नाही.

ताडोब्यातल्या कुरणांचं नशीब वेगळं, कारण तिथे वाघ आहे. त्यांतली बरीच कुरणं मात्र निसर्गाने दिलेली नाहीत. 1955 चं राष्ट्रीय उद्यान आणि 1986 चं अंधारी अभयारण्य मिळून पुढे व्याघ्र प्रकल्प झाला. आतल्या गावांपैकी बोटेझरी आणि कोळशातली काही कुटुंबं 2007 मध्ये मूलकडे भगवानपूरला गेली. नंतर नवेगाव आणि जामणीही उठली. मागे उरल्या धानाच्या बांध्या. आज पर्यटकाच्या फोटोत चितळांच्या कळपामागे जे मोकळं मैदान दिसतं, ते कुणाच्या तरी आजोबा-पणजोबांनी झाडं काढून, बांध घालून केलेलं आहे. कुरणाच्या माहितीफलकावर त्यांचं गाव तरी लिहावं.

धान गेल्यावर चांगलं गवत आपोआप येत नाही. आधी घुसतो तरोटा, मग रानतुळस. दोन्हींना चितळ-गवे सहसा तोंड लावत नाहीत. मधूनमधून पळस आणि बोर डोकं काढतात, आणि काही वर्षांत मैदानाचं झुडपी रान होतं. गवताचा वाढणारा कोंब जमिनीलगत असल्याने चरणं त्याला सोसतं, सावली सोसत नाही. म्हणून तण मुळासकट उपटायचं, रोपटी काढायची, पवन्या-मारवेलसारख्या गवतांचं बी गोळा करून पेरायचं. हे काम एकदा करून संपत नाही. रानतुळस बी धरायच्या आत उपटली नाही, तर पुढची कित्येक वर्षं ती त्याच जागी उगवत राहते.