पदच्युतीचा अधिकार कोणाचा? : मद्रास, १७७६

भागधारकांनी मुदत संपण्यापूर्वीच संचालकाला पदावरून दूर करावे, ही कल्पना आजच्या कायद्यात रुळलेली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १६९ प्रमाणे, काही अपवाद वगळता, विशेष सूचना देऊन, संबंधिताचे म्हणणे ऐकून घेऊन आणि सर्वसाधारण सभेत साध्या बहुमताचा ठराव करून हे करता येते. १९५६ च्या कायद्यातील कलम २८४ चा आशयही हाच होता. सूचना, सुनावणी आणि सभा ही या अधिकाराची तीन अंगे होत. त्यांच्या अभावी काय घडते, हे आजच्या चेन्नईत, तत्कालीन मद्रासेत, १७७६ मध्ये दिसून आले. लॉर्ड पिगट हा ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक नव्हे, संचालकांनी नेमलेला गव्हर्नर होता. तथापि नेमणारा एक आणि काढणारा दुसरा, हा पेच तेथे उघड झाला.

या पेचाचे मूळ तंजावरच्या मराठी राज्यात आहे. १७७३ मध्ये कंपनीच्या फौजेने अर्काटचा नवाब महंमद अली याच्यासाठी तंजावर जिंकले आणि तुळजाजी भोसले पदच्युत झाला. लंडनच्या संचालकांनी ही कृती नामंजूर केली. त्यांच्या आज्ञेनुसार पिगटने एप्रिल १७७६ मध्ये तुळजाजीला पुन्हा गादीवर बसविले. लागलीच पॉल बेनफील्ड हा कंपनीचा नोकर पुढे आला. नवाबाने कर्जापोटी तंजावरचा महसूल आपल्याला लावून दिला आहे, असा त्याचा दावा होता. नवाबाच्या सावकारांत कंपनीचेच अनेक नोकर असल्याने हा प्रश्न एकट्या बेनफील्डचा राहिला नाही. कौन्सिलचे बहुमत पिगटच्या विरोधात गेले. पिगटने विरोधी सभासदांना निलंबित केले. त्यांनी २४ ऑगस्ट १७७६ रोजी त्यालाच अटक करवून जॉर्ज स्ट्रॅटनच्या हाती कारभार दिला. मंडळातील बहुमताने आपल्याच अध्यक्षाला कैद केले. ना सुनावणी झाली, ना नेमणूक करणाऱ्यांची अनुमती घेतली गेली.

वार्ता लंडनला पोहोचली तेव्हा प्रश्न भागधारकांच्या सभेपुढे आला. तेथील शब्द अर्थपूर्ण आहे : ते स्वतःला ‘मालक’ म्हणवीत. १७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टनंतर एका मतासाठी किमान १,००० पौंडांचे भाग वर्षभर नावावर असावे लागत. १०,००० पौंडांच्या धन्याला चार मते मिळत. मार्च १७७७ मध्ये या सभेने पिगटच्या पुनःस्थापनेच्या बाजूने कौल दिला. पुढे मात्र पिगट आणि त्याचे विरोधक या दोघांनाही परत बोलाविण्याचे ठरले. परंतु आज्ञा मद्रासला पोहोचण्यापूर्वीच, ११ मे १७७७ रोजी, पिगट कैदेत मरण पावला. १७८० मध्ये स्ट्रॅटनसह चौघांना इंग्लंडच्या न्यायालयाने प्रत्येकी १,००० पौंड दंड केला. मालकांचा अधिकार खरा होता; पण समुद्रप्रवासाच्या महिन्यांनी तो निष्फळ ठरला.

याहून मोठी उणीव मतदार-यादीत होती. ज्या तंजावरच्या महसुलावरून हा संघर्ष पेटला, तेथील रयतेला या सभेत स्थानच नव्हते. तुळजाजीला काढणे, बसविणे आणि त्याच्या संरक्षकाला कैद करणे, या तिन्ही गोष्टी ज्या भांडवलाच्या हिशेबात घडल्या, त्यात तंजावर ही केवळ एक जमेची बाब होती.

तौलनिक अभ्यासकासाठी येथे दोन लेखनप्रकार समोरासमोर येतात. कंपनीचे सभावृत्त मतांची नोंद करते. १८०३ मध्ये दुसऱ्या सरफोजीने बृहदीश्वराच्या भिंतींवर कोरविलेला मराठी भोसले-वंशवृत्तान्त वंशक्रमाची. एकात पद मतावर उभे आहे, दुसऱ्यात रक्तावर आणि दत्तविधानावर. वास्तविक, सरफोजीही १७९८ मध्ये अमरसिंहाला दूर सारून कंपनीच्याच निर्णयाने गादीवर आला होता. मद्रासच्या कौन्सिलने दाखवून दिलेली गोष्ट तंजावरच्या गादीलाही लागू पडली : पद कोणी दिले यापेक्षा, ते कोण आणि कोणाला न विचारता काढून घेऊ शकतो, यातच सत्तेचे खरे ठिकाण कळते.