सीडी कुठे राहते?

मंडळी, टर्मिनलवर काम करणारे आपण सगळे दिवसातून शंभरदा तरी 'सीडी' टाइप करतो. (गाण्यांची सीडी नव्हे हो, चेंज डिरेक्टरी!) आता एक प्रश्न. फोल्डरमधल्या फाईली दाखवणारी 'एलएस' ही कमांड म्हणजे डिस्कवर ठेवलेला एक साधा प्रोग्रॅम. मग सीडीचा प्रोग्रॅम कुठे आहे?

बॅश शेलला 'टाइप सीडी' असं विचारून बघा. उत्तर येतं की ही कमांड शेलच्या पोटातच आहे. काही सिस्टिम्सवर त्या नावाची फाईलही सापडते, पण ती चालवून तुम्ही जागचे हलत नाही! असं का? तर त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

फोल्डरच्या आत फोल्डर ही कल्पना नीट मांडली गेली ती १९६५ साली, 'मल्टिक्स' या प्रचंड प्रकल्पात. त्यात एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्स असे तिघे भागीदार होते. १९६९ मध्ये बेल लॅब्सने अंग काढून घेतलं. तिथल्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी मग एका पीडीपी-७ मशीनवर स्वतःची छोटी सिस्टिम उभी केली. तीच पुढे युनिक्स झाली.

या पहिल्या अवतारात तिरक्या रेघा देऊन लांबलचक पाथ लिहायची सोयच नव्हती. फाईलचं नुसतं नाव द्यायचं, आणि ती तुम्ही उभे असाल त्या डिरेक्टरीत शोधली जायची. त्यामुळे 'आत्ता मी कुठे आहे' याला फार महत्त्व. जागा बदलायची कमांड होती 'सीएचडीआयआर', आणि ती इतर कमांडसारखीच एक साधी कमांड होती. मशीनला दोन टर्मिनल्स, प्रत्येकाची एकच प्रोसेस. सगळं सुरळीत चालू होतं.

मग १९७० च्या सुमारास त्यांनी 'फोर्क' आणलं. म्हणजे शेल स्वतःची एक प्रत काढणार, ती चाइल्ड प्रोसेस कमांड चालवणार आणि संपणार. आज प्रत्येक युनिक्स आणि लिनक्स ज्यावर उभं आहे ती ही कल्पना असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळींत बसली! सगळे खूश. आणि तेवढ्यात लक्षात आलं की सीएचडीआयआर चालेनासं झालंय...

रिची यांनी १९७९ च्या एका लेखात हा किस्सा सांगितलाय. कोड वाचून वाचून सगळे हैराण. फोर्कमुळे हे बिघडेलच कसं? शेवटी उलगडा झाला तो असा की बिघडलं काहीच नव्हतं. कमांड आपलं काम चोख करत होती, पण चाइल्ड प्रोसेसमध्ये! ती स्वतः नव्या डिरेक्टरीत जायची आणि तिथेच संपायची. शेल बिचारा होता तिथेच. मुलगा अमेरिकेला गेला म्हणून आईवडील काही सदाशिव पेठ सोडत नाहीत, तसंच हे :-)

उपाय एकच होता. ही कमांड शेलने स्वतःच, चाइल्ड न काढता चालवायची. तेव्हापासून ती शेलच्या पोटात राहते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतल्या बॉर्न शेलमध्ये तिचं नाव आखडून 'सीडी' झालं.

डॉसची गोष्ट वेगळी. १९८१ च्या पहिल्या डॉसमध्ये उपफोल्डर नव्हतेच, १६० केबीच्या फ्लॉपीवर जेमतेम ६४ फाईली मावायच्या. १९८३ मध्ये १० एमबीची हार्ड डिस्क असलेलं आयबीएम एक्सटी आलं, त्याबरोबर डॉस २.० आणि फोल्डर्सही आले. पण '/' हे चिन्ह आधीच कमांडच्या ऑप्शन्ससाठी वापरात होतं, म्हणून नशिबी आलं '\'. ती उलटी रेघ विंडोजमध्ये अजून आहे.

आता हे सगळं आज कशाला? कारण तोच धक्का आजही बसतो. 'स्क्रिप्टमध्ये सीडी लिहिलं, स्क्रिप्ट संपली, मी परत जुन्याच जागी कसा?' आता उत्तर तुम्हीच देऊ शकाल.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं. स्क्रिप्टमध्ये सीडी फसलं, समजा फोल्डरच्या नावात चूक झाली, तर शेल एक एरर छापतो आणि निवांतपणे पुढची ओळ चालवतो. ती पुढची ओळ 'इथलं सगळं डिलीट कर' अशी असेल तर? 'इथलं' म्हणजे भलतंच काहीतरी! म्हणून दोन्हींच्या मध्ये '&&' टाका, म्हणजे सीडी जमलं तरच पुढचं चालेल. हाताने काम करताना आधी 'पीडब्ल्यूडी' करा. (बांधकाम खातं नव्हे. ही कमांड आपण कुठे उभे आहोत ते लगेच सांगते :-))

केन आणि डेनिससारख्यांनाही 'आपण नक्की कुठे आहोत' हा प्रश्न पडला होता. आपण तो डिलीट करण्याआधी विचारलेला बरा.

असो. हॅपी वीकेंड!