नीरोचे पाहुणे आणि मोझरीचे श्रोते

विदर्भातल्या कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांवर दोन वर्षांच्या अंतराने दोन माहितीपट आले: दीपा भाटिया यांचा 'नीरोज गेस्ट्स' (२००९) आणि मिका पेलेड यांचा 'बिटर सीड्स' (२०११). विषय एकच, कापूस आणि कर्ज. मांडणी मात्र दोन टोकांची. पेलेड यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात हंगामभर ठाण मांडतात. सरकी टोबल्यापासून वेचणीपर्यंत एका शेतकऱ्याचं काय होतं ते कॅमेरा पाहत राहतो. दिग्दर्शक समोर येत नाही. विचारायचं ते पत्रकार होऊ पाहणारी गावातलीच मुलगी विचारते. या घराण्याचा मूळपुरुष म्हणून 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) करणाऱ्या फ्लॅहर्टीचं नाव घेतलं जातं. मला त्याआधीचे दादासाहेब फाळके दिसतात. भांडवल मिळावं म्हणून त्यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीतला वाटाणा टप्प्याटप्प्याने टिपून 'अंकुराची वाढ' हा चिमुकला चित्रपट केला होता. बियाण्याची वाढ हेच कथानक, ही कल्पना तिथे आलेलीच आहे.

'नीरोज गेस्ट्स'चं कूळ मात्र वादाचं आहे, आणि माझ्या मते त्याची एक मुळी तिवसा तालुक्यात पोचते. या पटाचा कणा म्हणजे पत्रकार पी. साईनाथ यांचं बोलणं. ते सभागृहात बोलतात, मग कॅमेरा आत्महत्या झालेल्या घरी जातो, पुन्हा सभागृहात येतो. शीर्षकही एका प्रश्नातून आलं आहे. रोमच्या इ.स. ६४ च्या आगीनंतर नीरोच्या बागेत रात्री उजेडासाठी माणसं जाळली गेली, असं इतिहासकार टॅसिटस लिहितो. साईनाथ विचारतात, त्या रात्री बागेत आलेले पाहुणे कोण होते? कुणी म्हणेल, भाषणाभोवती चित्रपट बांधण्याची रीत अल गोर यांच्या 'ॲन इनकन्व्हिनियंट ट्रूथ'ने (२००६) तीनच वर्षं आधी रूढ केली, मग कूळ शोधायला वऱ्हाडात कशाला जायचं? पण तिथे पडद्यावर आलेख चढतो आणि पटवण्याचं काम तोच करतो. साईनाथांचा आकडा ऐकणाऱ्याला जाब विचारायला येतो: मुंबईतल्या फॅशन वीकसाठी ५१२ पत्रकार आणि विदर्भातल्या आत्महत्यांसाठी सहा. आकडा, गोष्ट, प्रश्न, पुन्हा गोष्ट, अशी ही वीण आहे. शेतकरी-कवीच्या घरी कॅमेरा जातो तेव्हा तिच्यात कविताही येते.

ही वीण वऱ्हाडाला नवी नव्हती. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात सिद्धान्त आणि उत्तररंगात आख्यान, अशी स्वच्छ वाटणी असते. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावच्या गाडगेबाबांनी ती मोडली. ते समुदायाला प्रश्न टाकत, उत्तर येऊ देत आणि त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न काढत. निधनाच्या काही आठवडे आधी, १९५६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या त्यांच्या कीर्तनात हे स्पष्ट ऐकू येतं. त्यांचा एक मुख्य विषय कर्ज होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दापुऱ्याला मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्यांनी पाहिली होती. पुढे तुकडोजी महाराजांनी तिवसा तालुक्यातल्या मोझरीला १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभारला आणि खंजिरीवरच्या भजनाला गावाच्या प्रश्नांशी जोडलं. त्यांच्या ग्रामगीतेतही श्रोता शंका काढतो आणि तिच्यावरून विवेचन पुढे सरकतं. सभेतूनच विचार उभा करायचा हा रिवाज इतका मुरलेला असताना, त्याच मुलखाच्या दुःखावरचा चित्रपट सभेचा आकार घेतो, याला मी योगायोग मानत नाही.

यावर एक आक्षेप भक्कम आहे. साईनाथ चेन्नईचे, भाटिया मुंबईच्या हिंदी चित्रपटांत काम केलेल्या संकलक. दोघांपैकी कुणी कीर्तनात वाढलेलं नाही. कीर्तन समोर ठेवून हा पट कापला गेला, असा माझा दावाही नाही. पण तंत्राचं कूळ कर्त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही. साईनाथ वर्षानुवर्षं वऱ्हाडातल्या ओसरीवर बसून ऐकत होते. तिथे दुःख सांगितलं जातं तेही बहुधा प्रश्न करतच, 'आता सांगा, कसं जगायचं?' अशा थाटात. वार्तांकनातून हा सूर व्याख्यानात उतरला आणि व्याख्यानातून पटात, अशी साखळी मला सर्वांत संभाव्य वाटते. आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'चा (२०११) दाखला देऊन कुणी शाहिरी जलशाकडे बोट दाखवील. पण तिथे गाणं दलित चळवळीतून येतं आणि पटाचा भार तेच वाहतं. इथे भार सवालावर आहे.

माझी उपपत्ती खरी अडते ती श्रोत्यांपाशी. गाडगेबाबांपुढे कर्ज काढणारा स्वतः बसलेला असे. साईनाथांपुढे कर्जाच्या गावापासून दूर असलेले, शिकलेले शहरी लोक आहेत. शेतकरी त्या सभेत नाही, त्याच्याविषयी बोललं जातं. कीर्तनाचा प्रश्न ऋणकोला होता, इथला प्रश्न पाहुण्यांना आहे. ही उलथापालथ कीर्तनाने केलेली नाही, ती इंग्रजी वृत्तपत्राची देणगी आहे, असं मी धरतो. आणि प्रश्न गावातल्याच माणसाच्या तोंडी ठेवण्याची जुनी सोय पाहायची, तर ती हंगामाच्या घराण्यातल्या 'बिटर सीड्स'मध्येच सापडते, वही घेऊन घरोघर जाणाऱ्या त्या मुलीकडे.