शब्दवेध : झॉम्बी

‘झॉम्बी’चे मूळ मध्य-पश्चिम आफ्रिकेत मानले जाते. किकोंगो भाषेत ‘न्झाम्बी’ म्हणजे ईश्वर, तर ‘झुम्बी’ म्हणजे मंतरलेली वस्तू. गुलामांबरोबर शब्द कॅरिबियन बेटांवर उतरला. 1697 मधील ‘ल झोम्बी द्यु ग्रां-पेरू’ या ग्वादलूपच्या फ्रेंच कादंबरीत तो भुताखेतांसाठी येतो, आणि तोही चक्क थट्टेच्या सुरात! हैतीत अर्थ काळवंडला : मांत्रिकाने उठवून शेतात राबवलेले प्रेत. मरूनही न सुटणारी गुलामी, हीच त्यातली खरी भीती. माणसे खाण्याशी तिचा संबंध नव्हता. विल्यम सीब्रुकच्या ‘द मॅजिक आयलंड’ने (1929) शब्द अमेरिकेत लोकप्रिय केला. नरभक्षक अर्थ रुळवला तो जॉर्ज रोमेरोच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने (1968), जरी त्या चित्रपटात हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही.

पुढे थट्टा परतली. सेथ ग्रॅहम-स्मिथने 2009 मध्ये जेन ऑस्टेनच्या कादंबरीत प्रेते घुसवली. कल्पना फर्मास, पण विनोद निम्म्यावर दमतो. मराठीतील ‘झोंबी’ म्हणजे झटापट. आनंद यादवांच्या कादंबरीचे नाव त्या अर्थाचे. 2022 च्या ‘झोंबिवली’ चित्रपटाने मात्र परक्या शब्दाला डोंबिवली जोडली. आता मोबाइलमध्ये डोके खुपसून रस्ता ओलांडणाऱ्यालाही झॉम्बीच म्हणतात.