व्यस्त फलन
व्यस्त फलन : उत्तरावरून मूळ राशी परत देणारे फलन. फलन ही संज्ञा अर्वाचीन असली, तरी उलट क्रियेची कल्पना जुनी आहे. आर्यभटांनी आर्यभटीयात (४९९) व भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) व्यस्तविधी सांगितला आहे. त्यात शेवटच्या क्रियेपासून मागे जात गुणाकाराऐवजी भागाकार, बेरजेऐवजी वजाबाकी व वर्गाऐवजी वर्गमूळ घेतात. उदा., संख्या तिप्पट करून २ मिळविल्यावर १४ आले, तर आधी २ वजा करून मग ३ ने भागावे. मूळ संख्या ४ येते. मात्र ३ व −३ या दोहोंचा वर्ग ९ असल्याने केवळ वर्गावरून मूळ राशी ठरत नाही. अशा वेळी प्रांत मर्यादित करून फलन एकास-एक करावे लागते. व्यस्त फलन दर्शविण्यासाठी −१ हे चिन्ह जॉन हर्शेल यांनी १८१३ मध्ये योजिले. ते घातांक समजून १ भागिले फलन असा अर्थ घेणे चुकीचे होय.